जंतनाशक औषधे आणि अंड्यांची सुरक्षितता : 'प्रतीक्षाकाल' या संकल्पनेचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

कोंबड्यांना जंताचे औषध पाजल्यानंतर त्यांची अंडी खावीत की टाकून द्यावीत, हा प्रश्न वरवर पाहता केवळ पशुवैद्यकाचा वाटतो. परसात दहा-बारा कोंबड्या पाळणारे कुटुंब असो अथवा हजारो पक्ष्यांचा लेअर फार्म असो, औषध दिल्याच्या दुसऱ्या दिवशीही खुराड्यात अंडी सापडतात आणि त्यांचे काय करावयाचे हे त्याच दिवशी ठरवावे लागते. औषधाच्या वेष्टनावर त्यासाठी काही दिवसांची मुदत छापलेली असते. औषध बंद केल्यापासून अंडी खाण्यायोग्य होईपर्यंतच्या या मुदतीला औषधशास्त्रात 'विथड्रॉवल पिरियड' म्हटले जाते. प्रस्तुत लेखात तिच्यासाठी 'प्रतीक्षाकाल' हा शब्द योजला आहे.

प्रतीक्षाकालाचे आकडे देशोदेशी पाहिले असता एक विसंगती लक्षात येते. पिपरॅझिन हे जुने व सर्वपरिचित जंतनाशक होय. अंडी खाण्यासाठी विकली जाणार असतील तर अशा कोंबड्यांना ते देऊ नये, असे अमेरिकेतील वेष्टनावर बजावलेले असते. युरोपीय संघाने मात्र त्याच पिपरॅझिनसाठी अंड्यांत दर किलोग्रॅममागे २००० मायक्रोग्रॅमपर्यंतचे अवशेष ग्राह्य मानले आहेत. कोंबडी तीच, औषध तेच आणि अंडेही तेच असताना एका ठिकाणी मनाई व दुसऱ्या ठिकाणी मुभा का, याचे उत्तर एकट्या शरीरशास्त्रात सापडत नाही. ते कायद्यांच्या व प्रयोगशाळांच्या इतिहासात शोधावे लागते.

'सुरक्षित अंडे' या कल्पनेचा अर्थ विसाव्या शतकाच्या मध्यापासून कसा बदलत गेला हे पाहणे, त्या बदलामागील कारणे तपासणे आणि भारतातील, विशेषतः महाराष्ट्रातील, कुक्कुटपालकाच्या दृष्टीने या इतिहासाचा अर्थ स्पष्ट करणे, ही प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे आहेत. त्यासाठी अमेरिका, युरोपीय संघ व भारत येथील कायदेशीर तरतुदी आणि आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ समित्यांचे निर्णय यांचा आधार घेतला आहे.

१. शास्त्रीय पार्श्वभूमी

कोंबडीच्या लहान आतड्यात आढळणारा मोठा गोलकृमी 'अॅस्कॅरिडिया गॅली' या नावाने ओळखला जातो. आतड्याच्या शेवटच्या आंधळ्या पिशव्यांत 'हेटेराकिस गॅलिनॅरम' हा लहान कृमी राहतो. या कृमींची अंडी विष्ठेवाटे जमिनीवर पडतात, ओलाव्यात व उबेत पक्व होतात आणि दाणा टिपताना पुन्हा कोंबडीच्या पोटात जातात. कोंबडी आणि तिची विष्ठा यांचा संबंध जोवर तुटत नाही तोवर हे चक्र चालूच राहते. कोंबडीचा गोलकृमी माणसाच्या शरीरात रोग निर्माण करीत नाही. क्वचित प्रसंगी एखादा कृमी अंडनलिकेत शिरून अंड्याच्या कवचाआड सापडतो. तो डोळ्यांना दिसतो, किळस आणतो आणि ते अंडे फेकले जाते. औषधाचा अवशेष मात्र दिसत नाही, त्याला वास नाही आणि चवही नाही. म्हणूनच त्याचा निवाडा ग्राहकाच्या हाती न राहता प्रयोगशाळेच्या हाती गेला.

अंडे तयार होण्याची रीतही येथे ध्यानात घ्यावी लागते. पिवळा बलक बीजकोशातून सुटल्यानंतर त्याभोवती पांढरा भाग चढतो, मग कवच तयार होते आणि साधारणपणे एका दिवसात अंडे बाहेर येते. परंतु हा बलक त्या एका दिवसात तयार झालेला नसतो. यकृतात बनलेली मेदयुक्त द्रव्ये रक्तावाटे बीजकोशात येतात आणि बलकाची जलद वाढ सुमारे दहा दिवस चालते. कोंबडीच्या बीजकोशात एकाच वेळी लहानमोठे अनेक बलक उतरंडीसारखे वाढत असतात. आज दिलेले औषध त्या प्रत्येकात थोडेथोडे उतरू शकते. म्हणजे उद्याच्या अंड्यातच नव्हे, तर आठवड्यानंतरच्या अंड्यातही आजच्या औषधाचा अंश असणे शक्य असते. अंडे उकडल्याने वा तळल्याने हा अंश खात्रीने नाहीसा होतो असे मानता येत नाही. किती औषध उतरते व किती काळ टिकते, हे औषधाच्या मेदात विरघळण्याच्या गुणावर, मात्रेवर आणि शरीरातून ते किती वेगाने बाहेर पडते यावर अवलंबून असते. दूध आणि अंडे यांच्या प्रतीक्षाकालातील महत्त्वाचा फरक येथे आहे. दुधाला बलकासारखी दीर्घ पूर्वतयारी नसते.

२. अवशेषाचा विचार नसलेला काळ

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत कोंबड्यांच्या जंतांवर तंबाखूची भुकटी, निकोटिन सल्फेट अशी द्रव्ये वापरली जात. त्यांची विषारी मात्रा व उपयुक्त मात्रा यांत अंतर थोडे असे. औषध जास्त झाले तर कोंबडीच दगावे, आणि पालकाची चिंताही कोंबडीपुरतीच होती. अंड्यात काय उतरते हा प्रश्न तेव्हा विचारलाच जात नव्हता. खाद्यपदार्थांत मुद्दाम मिसळलेल्या भेसळीवर कायद्याची नजर होती. जनावराच्या पोटात घातलेले औषध अन्नात पोचते ही गोष्ट त्या नजरेच्या कक्षेबाहेर होती.

जंतनाशकांची गरज मात्र याच काळात वाढली. १९२० मध्ये थिओबाल्ड स्मिथ व ग्रेबिल यांनी टर्की पक्ष्यांतील 'ब्लॅकहेड' या घातक रोगाचा हेटेराकिस कृमीशी असलेला संबंध दाखवून दिला. क्षुल्लक समजला जाणारा कृमी दुसऱ्या रोगजंतूचा वाहक ठरल्याने त्याचा नाश करणे आर्थिकदृष्ट्या महत्त्वाचे झाले. १९३० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकन कृषी विभागातील संशोधकांनी फेनोथायझिन या द्रव्याचे जंतनाशक गुण पुढे आणले. ते हेटेराकिसवर प्रभावी ठरले. १९५० च्या दशकात पिपरॅझिन आले. ते गोलकृमीचे स्नायू शिथिल करते आणि कृमी जिवंतपणीच विष्ठेवाटे बाहेर फेकला जातो. पिण्याच्या पाण्यात मिसळण्याची सोय आणि अल्प किंमत यांमुळे ते सर्वत्र पसरले. १९६१ मध्ये थायाबेंडॅझोलने बेन्झिमिडॅझोल गटाचा आरंभ केला. पुढे बेल्जियममधील यान्सेन प्रयोगशाळेतून टेट्रामिसोल, लेव्हामिसोल, मेबेंडॅझोल व फ्लुबेंडॅझोल ही औषधे आली. १९७० च्या दशकात फेनबेंडॅझोल व अल्बेंडॅझोल यांची भर पडली. केवळ वीस-पंचवीस वर्षांत जंतनाशकांचे संपूर्ण शास्त्र पालटले. ही औषधे अल्प मात्रेत काम करणारी होती, तशीच शरीरभर पसरणारीही होती.

३. शून्याचा आग्रह

अवशेषांचा प्रश्न सार्वजनिक जीवनात प्रथम जंतनाशकांमुळे आला नाही, तर संप्रेरकांमुळे आला. अमेरिकेत कोंबड्या पुष्ट व्हाव्यात म्हणून त्यांच्या मानेत डायएथिलस्टिल्बेस्ट्रॉल या कृत्रिम संप्रेरकाच्या गोळ्या बसवल्या जात. त्याचे अवशेष मांसात सापडल्यावर डिसेंबर १९५९ मध्ये शासनाने कोंबड्यांतील हा वापर थांबवला. त्याच्या आदल्याच वर्षी, १९५८ मध्ये, खाद्य-पूरक द्रव्यांसंबंधीच्या दुरुस्ती कायद्यात न्यूयॉर्कचे लोकप्रतिनिधी जेम्स डिलेनी यांच्या नावाने ओळखले जाणारे कलम समाविष्ट झाले होते. माणसात वा प्राण्यात कर्करोग निर्माण करणारे द्रव्य अन्नात कोणत्याही प्रमाणात मान्य होणार नाही, असा त्या कलमाचा आशय होता. १९६८ मध्ये पशुऔषधांच्या मान्यतेसाठी अमेरिकेत स्वतंत्र दुरुस्ती कायदा झाला आणि औषध कोंबडीला बाधत नाही एवढे सिद्ध करणे अपुरे ठरले. अन्नातील अवशेष मोजून दाखवणे उत्पादकावर बंधनकारक झाले.

या काळातील 'सुरक्षित' या शब्दाचा अर्थ पुष्कळदा 'शून्य' असा होता. हायग्रोमायसिन बी हे खाद्यातून दिले जाणारे जंतनाशक प्रतिजैविक या दृष्टीने उद्बोधक आहे. अमेरिकन नियमांत अंड्यांतील त्याच्या अवशेषांची मर्यादा शून्य अशी नोंदवली गेली. परंतु शून्य म्हणजे काय? प्रयोगशाळेच्या दृष्टीने शून्य म्हणजे 'उपलब्ध पद्धतीने न सापडणे'. दहा लाखांत एक भाग शोधणारी पद्धत जेथे काही नाही असे सांगते, तेथे अब्जांत एक भाग शोधणारी पद्धत काहीतरी आहे असे सांगते. क्रोमॅटोग्राफीच्या तंत्रांत जसजशी सुधारणा झाली तसतसे शून्य मागे सरकत गेले. कालचे निर्मळ अंडे आज अवशेषयुक्त ठरू लागले. अंडे बदलले नव्हते. मोजणारे साधन बदलले होते. शून्याचा हा आग्रह नैतिकदृष्ट्या भक्कम वाटत असला तरी विज्ञानाच्या प्रगतीनेच तो अस्थिर केला, ही या कालखंडाची महत्त्वाची शिकवण होय.

याच सुमारास चिंतेचे एक खरे कारणही पुढे आले. १९६१ मध्ये थॅलिडोमाइडच्या दुर्घटनेने गर्भावरील औषधपरिणामांकडे जगाचे लक्ष वेधले होते. बेन्झिमिडॅझोल गटातील काही औषधे गाभण मेंढ्यांना दिली असता कोकरांत जन्मजात व्यंगे आढळली. ही औषधे कृमीच्या पेशींतील ट्यूब्युलिन या प्रथिनाला बांधून ठेवतात. सस्तन प्राण्यांच्या ट्यूब्युलिनशी त्यांचे आकर्षण पुष्कळ कमी असले तरी ते अगदीच नाही असे नाही. त्यामुळे अवशेषांविषयीची शंका केवळ भीतीपोटी घेतली गेली, असे म्हणणे अन्यायाचे होईल.

४. शून्याकडून मर्यादेकडे

शून्याला पर्याय म्हणून जी चौकट उभी राहिली तिचे मूळ आंतरराष्ट्रीय संस्थांत आहे. अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांची खाद्य-पूरक द्रव्यांवरील संयुक्त तज्ज्ञ समिती १९५६ पासून कार्यरत होती. कोडेक्स आयोगाची स्थापना १९६३ मध्ये झाली. फ्रेंच विषशास्त्रज्ञ रने त्रुओ यांच्या पुढाकाराने 'स्वीकार्य दैनिक सेवन' ही कल्पना रुजली. प्राण्यांवरील प्रयोगांत ज्या मात्रेस काहीच अपाय दिसत नाही ती मात्रा घ्यावयाची, तिला सुरक्षिततेसाठी सामान्यतः शंभराने वा त्याहून मोठ्या अंकाने भागावयाचे आणि माणसाने आयुष्यभर दररोज घेतली तरी चालेल अशी मात्रा ठरवावयाची, अशी ही रीत आहे. पशुऔषधांच्या अवशेषांसाठी कोडेक्सच्या स्वतंत्र समितीची पहिली बैठक १९८६ मध्ये झाली. युरोपीय समुदायाने १९९० च्या २३७७ क्रमांकाच्या नियमाने प्रत्येक औषधासाठी 'कमाल अवशेष मर्यादा' ठरवणे सक्तीचे केले.

ही मर्यादा प्रत्यक्षात कशी ठरते ते फ्लुबेंडॅझोलच्या उदाहरणाने स्पष्ट होईल. तज्ज्ञ समितीने १९९२ मध्ये त्याचे स्वीकार्य दैनिक सेवन शरीराच्या दर किलोग्रॅम वजनामागे १२ मायक्रोग्रॅमपर्यंत ठरवले. साठ किलो वजनाच्या व्यक्तीसाठी ते दिवसाला ७२० मायक्रोग्रॅम होते. माणूस दररोज ३०० ग्रॅम मांस, १०० ग्रॅम यकृत, ५० ग्रॅम मूत्रपिंड, ५० ग्रॅम चरबी, दीड लिटर दूध आणि १०० ग्रॅम अंडी खातो असे एक काल्पनिक ताट हिशेबासाठी धरले जाते. अंड्यांसाठी फ्लुबेंडॅझोलची मर्यादा दर किलोग्रॅमला ४०० मायक्रोग्रॅम आहे. म्हणजे साधारण दोन अंड्यांतून, मर्यादा पूर्णपणे गाठली गेली तरी, ४० मायक्रोग्रॅम औषध पोटात जाईल. पंधरा किलो वजनाच्या बालकाचा विचार केला तर त्याचे स्वीकार्य सेवन १८० मायक्रोग्रॅम येते आणि दोन अंडी तरीही त्याच्या आत राहतात. मोजले जाणारे द्रव्य हे एकूण अवशेषांचा केवळ एक भाग असते, हे ध्यानात घेऊन समित्या मर्यादेत पुरेसे अंतर राखतात. याच हिशेबाच्या बळावर युरोपात खाद्यातून सात दिवस दिल्या जाणाऱ्या फ्लुबेंडॅझोलसाठी अंड्यांचा प्रतीक्षाकाल शून्य दिवस मान्य झाला.

'शून्य दिवस' आणि 'शून्य अवशेष' यांतील भेद येथे काळजीपूर्वक समजून घेतला पाहिजे. शून्य दिवसांचा प्रतीक्षाकाल म्हणजे अंड्यात औषध नाही असे नव्हे. अंड्यात औषध आहे, परंतु ते ठरवलेल्या मर्यादेच्या आत आहे, असा त्याचा अर्थ होतो. १९५८ चे 'सुरक्षित' आणि १९९२ चे 'सुरक्षित' हे शब्द एक असले तरी त्यांचे अर्थ भिन्न आहेत.

या नव्या चौकटीची एक दुसरी बाजूही होती. मर्यादा ठरण्यासाठी कोणीतरी खर्चिक अभ्यास करून माहिती सादर करावी लागते. ज्या जुन्या व स्वस्त औषधांचे एकाधिकार संपले होते त्यांच्यासाठी असा खर्च करण्यास उत्पादक उत्सुक नव्हते. लेव्हामिसोलसाठी कोडेक्सने कोंबडीच्या मांस, यकृत, मूत्रपिंड व चरबीच्या मर्यादा दिल्या, अंड्यांची दिली नाही. या औषधाबाबत सावधगिरीला आणखी एक आधार आहे. माणसांत औषध म्हणून वापरले असता काही रुग्णांच्या पांढऱ्या पेशी धोकादायकरीत्या घटल्याचे दिसून आले होते. आयव्हरमेक्टिनसाठी अमेरिकेत वा युरोपीय संघात अंड्यांची मर्यादा निश्चित झालेली नाही, आणि ते मेदात विरघळणारे असल्याने बलकात उतरते. तेव्हा 'मनाई' या एका शब्दाखाली दोन भिन्न स्थिती एकत्र आल्या आहेत. कधी धोका दिसला म्हणून मनाई आहे, तर कधी कोणी तपासलेच नाही म्हणून मनाई आहे. वेष्टनावरील वाक्य दोन्ही ठिकाणी सारखेच असते.

५. पिंजरा पद्धत आणि कृमींचे पुनरागमन

जंतनाशक व अंडे यांच्या इतिहासाला कोंबड्यांच्या निवाऱ्याच्या इतिहासापासून वेगळे करता येत नाही. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर लेअर कोंबड्या तारेच्या पिंजऱ्यांत ठेवल्या जाऊ लागल्या. विष्ठा जाळीतून खाली पडू लागली, कोंबडीचा तिच्याशी संपर्क तुटला आणि गोलकृमीचे चक्र खंडित झाले. जे काम औषधांना पूर्णपणे साधले नव्हते ते तारेच्या जाळीने केले. परिणामी अंडी देणाऱ्या कोंबड्यांसाठी जंतनाशक तपासून मान्य करून घेण्याची व्यापारी निकडही कमी झाली.

पुढे प्राणीकल्याणाच्या विचाराने हे चित्र उलटले. युरोपीय संघाच्या १९९९ च्या निर्देशानुसार पारंपरिक पिंजऱ्यांवर १ जानेवारी २०१२ पासून बंदी आली. कॅलिफोर्नियातील मतदारांनी २००८ मध्ये मंजूर केलेला कोंबड्यांच्या जागेसंबंधीचा नियम २०१५ पासून अमलात आला. कोंबड्या पुन्हा गादीवर व मोकळ्या अंगणात आल्या आणि त्यांच्याबरोबर कृमीही परतले. अंडी देणाऱ्या कोंबड्यांना अंडी न टाकता देता येईल अशा औषधाची मागणी वाढली. युरोपात फेनबेंडॅझोलसाठी अंड्यांची मर्यादा दर किलोग्रॅमला १३०० मायक्रोग्रॅम ठरली. अमेरिकेत पाण्यातून द्यावयाच्या फेनबेंडॅझोलला २०१५ मध्ये मांसल व पैदाशीच्या कोंबड्यांसाठी आणि २०१८ मध्ये लेअर कोंबड्यांसाठी मान्यता मिळाली. दर किलोग्रॅम वजनामागे एक मिलिग्रॅम मात्रा सलग पाच दिवस, आणि अंड्यांचा प्रतीक्षाकाल शून्य. हे औषध १९७० च्या दशकापासून माहीत होते. चार दशके जे अंडे मान्य नव्हते ते अभ्यास सादर होताच मान्य झाले. मधल्या काळात औषध सौम्य झाले नव्हते. माहिती उपलब्ध झाली होती.

नियमांच्या चौकटीबाहेर पडल्यास काय घडते याचे उदाहरण २०१७ मध्ये युरोपात दिसले. कोंबड्यांच्या अंगावरील लाल गोचिडांचा नाश करण्यासाठी वापरलेल्या स्वच्छता-द्रव्यात फिप्रोनिल हे बंदी असलेले कीटकनाशक मिसळल्याचे उघड झाले. नेदरलँड्स, बेल्जियम व अन्य देशांत लक्षावधी अंडी नष्ट करावी लागली. फिप्रोनिल जंतनाशक नव्हे, तरीही या घटनेने एक गोष्ट अधोरेखित केली. परजीवींवरील मान्य औषध मान्य मात्रेत देणे आणि अमान्य द्रव्य परस्पर वापरणे, या दोहोंना एकाच तराजूत तोलता येत नाही.

६. भारत व महाराष्ट्र : सात दिवसांचा नियम

भारतात अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा १९५४ चा, तर अन्नसुरक्षा व मानके कायदा २००६ चा आहे. परंतु प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची तरतूद औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांत सापडते. जानेवारी २०१२ मध्ये या नियमांतील ९७ व्या नियमात दुरुस्ती झाली आणि अन्न देणाऱ्या जनावरांच्या औषधांवर प्रतीक्षाकाल छापणे बंधनकारक झाले. विशिष्ट प्रतीक्षाकाल शास्त्रीयदृष्ट्या निश्चित झालेला नसेल तर तो अंडी व दूध यांसाठी सात दिवसांपेक्षा, मांसासाठी अठ्ठावीस दिवसांपेक्षा कमी असू नये, असे त्यात म्हटले आहे.

हे आकडे युरोपीय संघाने, मान्यता नसलेल्या प्राण्यात औषध वापरावे लागल्यास, घालून दिलेल्या तत्कालीन किमान मुदतींशी तंतोतंत जुळतात. तथापि २०१९ च्या सहाव्या क्रमांकाच्या नव्या युरोपीय नियमाने, जो जानेवारी २०२२ पासून लागू झाला, अंडी देणाऱ्या पक्ष्यांसाठी मान्यता नसलेल्या औषधाची किमान मुदत सातवरून दहा दिवसांवर नेली. पिवळा बलक भरण्यास लागणाऱ्या सुमारे दहा दिवसांशी हा आकडा जुळतो. भारताच्या २०१२ च्या नियमातील सात दिवस ही 'किमान' मुदत आहे, ती सुरक्षिततेची हमी नव्हे. या दोन शब्दांतील अंतर वेष्टन वाचणाऱ्याच्या लक्षात येतेच असे नाही.

महाराष्ट्राच्या संदर्भात या अंतराला विशेष महत्त्व आहे. १९७१ मध्ये डॉ. बी. व्ही. राव यांनी स्थापन केलेल्या व्यंकटेश्वरा हॅचरीजचा पुण्याशी जडलेला संबंध आणि १९८२ मध्ये उभी राहिलेली राष्ट्रीय अंडी समन्वय समिती यांमुळे राज्यातील व्यावसायिक कुक्कुटपालनाचा इतिहास सुपरिचित आहे. व्यावसायिक लेअर फार्म बव्हंशी पिंजरा पद्धतीचे असल्याने तेथे गोलकृमींचा उपद्रव मर्यादित राहतो. निर्यात होणाऱ्या अंडी-पदार्थांसाठी अवशेष-संनियंत्रणाची योजनाही आहे. परंतु २०१९ च्या विसाव्या पशुगणनेनुसार देशातील ८५.१८ कोटी कुक्कुट पक्ष्यांपैकी ३१.७ कोटी पक्षी परसातील होते. महाराष्ट्रातील एकूण पक्षी सुमारे ७.४ कोटी होते. गावरान, गिरिराज वा वनराज कोंबडी उकिरडा उकरते, ओल्या मातीत दाणा टिपते आणि नेमकी तीच जंतांची खरी धनीण असते. तिला पाजले जाणारे औषध बहुधा पिपरॅझिन, लेव्हामिसोल वा अल्बेंडॅझोल असते. म्हणजे ज्या कोंबडीला जंतनाशकाची सर्वाधिक गरज आहे, तिच्या अंड्यांविषयी सर्वांत कमी तपासलेली माहिती उपलब्ध आहे. तिची अंडी प्रयोगशाळेत जात नाहीत. ती घरातल्या लेकरांच्या ताटात जातात किंवा आठवडी बाजारात गावरान म्हणून चढ्या दराने विकली जातात.

येथे दोन्ही बाजूंनी नुकसान संभवते. अवशेषांच्या भीतीने औषधच टाळले तर कोंबडी खंगते, अंडी घटतात आणि गरीब कुटुंबाच्या आहारातील स्वस्त प्रथिनांचा स्रोत आटतो. उलट वेष्टन न वाचता औषध दिले आणि दुसऱ्या दिवशीचे अंडे उकडले, तर जी जोखीम घेतली जाते ती अजाणता घेतली जाते. एका खाल्लेल्या अंड्याने तात्काळ अपाय होतो असे मानण्यास आधार नाही, कारण स्वीकार्य सेवनाचा हिशेब आयुष्यभराच्या दैनंदिन सेवनाचा असतो. परंतु जेथे मर्यादाच ठरलेली नाही तेथे 'मर्यादेच्या आत' असे म्हणण्याची सोयही उरत नाही.

या पेचातून मार्ग काढण्याची एक जुनी रीत कुक्कुटपालकांना ठाऊक आहे. तलंगा अंड्यावर येण्यापूर्वीच त्यांना जंतनाशक द्यावे, म्हणजे अंड्यांचा प्रश्न उद्भवत नाही. गादी कोरडी ठेवणे, खुराड्याची जागा बदलणे आणि पिल्ले मोठ्या पक्ष्यांपासून वेगळी वाढवणे यांनीही औषधाची गरज कमी होते. अंड्यावर आलेल्या कोंबडीला औषध देणे अपरिहार्य झाल्यास पशुवैद्यकाच्या सल्ल्याने अंड्यांसाठी तपासलेले औषध निवडावे. तसे औषध उपलब्ध नसल्यास सात दिवसांवर न थांबता दहा दिवस वा सल्ल्यानुसार त्याहून अधिक काळ अंडी बाजूला ठेवणे, हे अंड्याच्या शरीरशास्त्राशी अधिक सुसंगत ठरते.

निष्कर्ष

१. जंतनाशक दिलेल्या कोंबडीचे अंडे सुरक्षित आहे काय, या प्रश्नाला सर्व औषधांसाठी एकच उत्तर नाही. औषध, मात्रा, देण्याची पद्धत आणि औषध बंद केल्यानंतर लोटलेले दिवस यांवर उत्तर अवलंबून असते.

२. १९५० व १९६० च्या दशकांत 'सुरक्षित' याचा अर्थ शून्य अवशेष असा होता. मोजण्याच्या साधनांनी हे शून्य अस्थिर केल्यावर त्याची जागा कमाल अवशेष मर्यादेने घेतली. आजचा शून्य दिवसांचा प्रतीक्षाकाल हा शून्य अवशेषांचा दाखला नव्हे.

३. प्रतीक्षाकालाच्या आकड्यात तीन गोष्टी एकवटलेल्या असतात : कोंबडीच्या शरीरातील बलकनिर्मितीचा वेग, प्रयोगशाळेची मोजण्याची क्षमता आणि अभ्यासाचा खर्च कोणी उचलला याचा इतिहास. तिसरी गोष्ट वेष्टनावर कधीच छापलेली नसते, म्हणून मनाईचा अर्थ नेहमीच 'सिद्ध धोका' असा होत नाही आणि मान्यतेच्या अभावाला निर्धोकपणाही समजता येत नाही.

४. भारताच्या २०१२ च्या नियमातील सात दिवसांची किमान मुदत ज्या युरोपीय आकड्याशी जुळत होती तो आकडा २०२२ पासून दहा झाला आहे. परसातील कुक्कुटपालनाचे भारतातील प्रमाण पाहता जुन्या व स्वस्त जंतनाशकांच्या अंड्यांतील अवशेषांचा अभ्यास येथील पशुवैद्यक व कृषी विद्यापीठांनी हाती घेणे अगत्याचे आहे. व्यापारी कंपनीला ज्या औषधात लाभ उरलेला नाही, त्याची तपासणी सार्वजनिक संस्थांनी केली नाही तर ती होणारच नाही.

औषधाच्या बाटलीवरील दिवसांचा आकडा लहान अक्षरांत छापलेला असतो. त्यामागे संप्रेरकांचा वाद, थॅलिडोमाइडची दुर्घटना, क्रोमॅटोग्राफीची प्रगती आणि पिंजऱ्यांवरील बंदी एवढा मोठा इतिहास आहे. ज्या घरात ते अंडे उकडले जाते तेथे यांपैकी काहीच पोचलेले नसते. म्हणूनच बाटलीवरचा तो आकडा खरा, तपासलेला आणि मराठीतून वाचता येणारा असावा, एवढी अपेक्षा या इतिहासाच्या अभ्यासातून वाजवी ठरते.